प्रत्येक बातमी आईच्याच माथ्यावर का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आपल्या अंकाच्या पहिल्या पानावर बातमी होती, की गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्यामुळे मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होतो असं अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं. मथळा पानभर, मजकूर आठ-दहा ओळींचा. एक-दोन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की असा संबंध आजवरच्या अभ्यासांत सातत्याने आढळलेला नाही. युरोपच्या औषध नियामकांनीही कळवलं, की गरज असेल तेव्हा गरोदर बाईने ही गोळी घ्यायला हरकत नाही, जुना सल्ला कायम आहे. हे मात्र आतल्या पानावर, बेदाणा सौद्याच्या भावांखाली एका रकान्यात आलं. मला पेपर भावांसकट वाचायची सवय आहे म्हणून ते दिसलं. आमच्या गल्लीत ते वाचणारी मी एकटीच असेन.

मी तासगाव तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, होते, २०१६ मध्ये निवृत्त झाले. गावं बदलली तरी काम तेच. बाळंतपणं, लसीकरण, कुटुंबनियोजनाच्या केसेस, साथ आली की घरोघर फिरणं. लोक अजूनही सिस्टर म्हणूनच हाक मारतात. आणि माझा नातू विराज ऑटिस्टिक आहे. सतरा वर्षांचा आहे, तोंडाने फार थोडं बोलतो. त्यामुळे अशी बातमी मला नर्स म्हणूनही वाचावी लागते आणि आजी म्हणूनही.

बातमी आली त्या रात्री माझी सून कपाट उपसून २००८ सालची फाइल घेऊन बसली. विराजच्या वेळी सातव्या महिन्यात तिला ताप आला होता. केसपेपरवर ‘टॅब. पीसीएम ५००’ सापडलं, म्हणजे पॅरासिटामॉलच. ती काही बोलली नाही, कागद तेवढा माझ्यापुढे सरकवला. ती गोळी तिच्या हातावर ठेवणारी मीच. आणि संपादक महाशय, आज तशीच बाई तशीच तापाने फणफणलेली माझ्यापुढे आली तर मी पुन्हा तीच गोळी देईन. गरोदरपणात जोराचा ताप अंगावर काढणं हेच धोक्याचं असतं, पहिल्या तीन महिन्यांत तर जास्तच. आमच्या शेजारची पोर त्याच आठवड्यात पाचव्या महिन्यात तापाने पडली आणि गोळी घेईना. सासूने मोबाइलवर आलेला व्हिडिओ दाखवला होता. मी थर्मामीटर लावला तर १०२ च्या वर. तिला गोळी घ्यायला लावताना माझी संध्याकाळ गेली. पूर्वी ह्याच बायकांना लोहाच्या लाल गोळ्या खायला लावताना इतका घसा कोरडा पडत नव्हता.

माझं स्वतःचं समाधान ज्या अभ्यासाने झालं तो स्वीडनचा आहे, २०२४ साली प्रसिद्ध झाला. १९९५ ते २०१९ या काळात तिथे जन्मलेल्या जवळपास २५ लाख मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. नुसतं वरवर मोजलं तेव्हा गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण किंचित जास्त दिसलं, दहाव्या वर्षापर्यंत हजारी तेराच्या जागी पंधरा. मग त्यांनी सख्खी भावंडं शेजारी ठेवून पाहिली. आई तीच, बाप तोच, एका खेपेला गोळी घेतलेली, दुसऱ्या खेपेला नाही. तसं पाहिल्यावर फरक उरलाच नाही. म्हणजे आधी दिसलेला फरक गोळीचा नव्हता. ज्या बायकांना ताप, डोकेदुखी, दुखणीखुपणी जास्त त्या गोळ्याही जास्त घेतात, आणि ज्या घराण्यांत हे असतं तिथे आणखीही काही वेगळं असू शकतं. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. त्या आठ-दहा ओळींत आणखी चार घातल्या असत्या तर माझ्या सुनेला फाइल काढावी लागली नसती.

आईला पिंजऱ्यात उभं करण्याची ही काही पहिली वेळ नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांची हकीकत लिहिली, तिथून ऑटिझमचा अभ्यास सुरू झाला असं मानतात. मुलांची वर्णनं त्यांनी फार बारकाईने केली आहेत. पण त्याच लिखाणात आईबापांच्या कोरडेपणाबद्दलही शेरे मारले, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं शिकलेली माणसं ‘फ्रिजसारख्या थंड आया’ म्हणून बायकांना दोष देत राहिली. शिकागोत ब्रुनो बेटलहाइम यांनी तर मुलाला आईपासून लांब, संस्थेत ठेवण्यालाच उपचार ठरवलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने हे सगळं खोडून काढलं. तो स्वतः अशा मुलाचा बाप होता. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईबापांना निर्दोष ठरवलं.

तो निकाल आमच्या एसटीपर्यंत अजून पोचलेला नाही. गाडीत हॉर्न वाजला, विराज कानांवर हात ठेवून डोलायला लागला, की मागच्या सीटवरून हमखास येतं, “आईनं वळण लावलं नाही.” शेजारी माझा मुलगा, त्याचा बाप, बसलेला असतो. त्याला आजवर कुणी काही म्हटलेलं नाही.

लसीचा आरोप तर थेट माझ्याच हातांवर होता. १९९८ साली इंग्लंडच्या अँड्र्यू वेकफील्ड यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बारा मुलांवरून लेख लिहिला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय घेतला. २०१० मध्ये तो लेख नियतकालिकाने मागे घेतला, वेकफील्ड यांची डॉक्टरकीची नोंदणीही गेली. डेन्मार्कने २०१९ मध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहून सांगितलं, की लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नाही. तरी संशय का टिकतो हे मला उपकेंद्रातल्या टेबलामागून दिसायचं. आपल्याकडे गोवराचा पहिला डोस नऊ महिने भरल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पोरगं बोलतंय का, हाकेला बघतंय का, हे घरच्यांच्या ध्यानात येतं तेही नेमकं याच दिवसांत. दोन्ही गोष्टी एका वयात येतात, मग माणूस त्यांची सांगड घालतो. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, तेव्हा निवृत्त असूनही मी पालकांशी बोलायला शाळेत गेले. एकीने सगळ्यांदेखत विचारलं, “मग तुमच्या नातवाला कशानं झालं?” मी म्हटलं, “लसीनं नाही झालं. आणि गोवरानं गेलेली लेकरं मी उचलली आहेत, तुम्ही नाही.” जरा कडक झालं, पण रांग हलली.

मग होतो कशाने? आजवर सर्वांत भक्कम कळलंय ते आनुवंशिकतेचं. २०१९ साली डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या २० लाख मुलांचा अभ्यास छापून आला. कुणाला ऑटिझम असतो, कुणाला नसतो, या फरकाचा सुमारे ८० टक्के वाटा जनुकांचा निघाला, आणि आईमुळे म्हणून जो वेगळा परिणाम शोधला तो जवळजवळ शून्य. मला हायसं वाटलं. घरी पाहुणे आलेले, त्यांना मोठ्या हौसेने सांगितलं, तर एका बाईंचा लगेच प्रश्न, “म्हणजे सुनेच्या माहेरचं का?” आमच्याकडे आनुवंशिकतासुद्धा माहेराहूनच येते! अहो, जनुक काही एकच नाही, शेकडो आहेत. थोडं इकडून थोडं तिकडून येतं, आणि काही बदल तर बाळातच पहिल्यांदा झालेले असतात, ना आईत सापडतात ना बापात.

‘ऑटिझमची साथ’ असंही आपल्या बातमीत होतं. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या दीडशे मुलांत एक, तर २०२२ मध्ये एकतीसांत एक असं मोजलं गेलं, हे खरं. पण या मधल्या काळात मोजायची व्याख्या रुंदावली, मुलींकडे लक्ष गेलं, बोलणारी-शाळेत जाणारी मुलंही मोजली जाऊ लागली. माझ्या उपकेंद्राच्या गावांत अशी माणसं पूर्वीही होती. कुणाला मुका म्हणत, कुणाला खुळा, एकाला तर देवाला सोडलेला. २०११ च्या जनगणनेत ऑटिझमला वेगळा रकानाच नव्हता. साथीत काम केलेल्या बाईला साथ काय असते ते माहीत असतं.

आता विराजचं सांगते. आमच्याकडे द्राक्षं. ऑक्टोबरात छाटणी झाली की फवारणीचा ब्लोअर सुरू होतो आणि त्याचे हाल सुरू होतात. आवाज त्याला नुसता मोठा वाटत नाही, अंगावर आल्यासारखा लागतो. कारखान्यात कामगार कानांवर लावतात तसले मफ त्याच्या बापाने आणले, ते लावून तो आता बागेच्या कडेपर्यंत येतो. गणपतीतल्या डॉल्बीला मात्र मफही पुरत नाहीत, तेव्हा मायलेक माझ्या बहिणीच्या मळ्यावर जाऊन राहतात. केस कापायला न्हावी घरी येतो, मशीन न लावता कात्रीने कापतो, विराजला आधी कात्री हातात धरू देतो. हे त्या न्हाव्याला कुणी शिकवलं नाही. त्याचं त्यानेच काढलं.

फेब्रुवारीपासून बेदाण्याच्या शेडवर काम असतं. विराज बायकांच्या ओळीत शेवटच्या टोकाला बसून काड्या निवडतो. त्याच्या पाटीत काडी राहत नाही. दीड-दोन तास झाले की उठतो, मग कुणी थांबवू नये. शेडमालक बायकांना ज्या दराने मजुरी देतो त्याच दराने त्याचीही लावतो. पैसे हातात घेऊन तो आईला देतो आणि नोटा सारख्या करून ठेवायला लावतो. कुणी दयेने जास्त द्यायला गेलं तर जादाची नोट परत करतो. ऑटिझमचा माणूस म्हणजे गणितातला चमत्कार, असं आपल्या पुरवणीत दरवर्षी २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम दिनाला, छापून येतं. आमच्या घरी चमत्कार नाही, बेदाणा निवडणारा मुलगा आहे, आणि तो त्याच्यासमोर बोललेलं सगळं ऐकत असतो. ‘कुणाच्या चुकीनं असा झाला’ ही चर्चा माणसं त्याच्या पुढ्यात चहा पीत करतात.

मागच्या वर्षी तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. दाखवायला नेलं तिथे ‘ऑटिझममुळे वर्तन बिघडलंय’ म्हणून गुंगीच्या गोळ्या मिळाल्या. तो भाकरी डाव्या बाजूने चावायचं टाळतोय हे सुनेने पाहिलं. दाढ किडली होती. भूल देऊन ती काढायला मिरज गाठावी लागली. दुखणं सांगता न येणाऱ्या माणसाचं दुखणं डॉक्टरांनी कसं ओळखावं, यावर झालेलं संशोधन मला पहिल्या पानावर वाचायला आवडेल.

कागदपत्रांचं थोडक्यात लिहिते. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता, म्हणून विराजच्या पहिल्या दाखल्यावर ‘मतिमंद’ लिहून मिळालं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार झाले आणि ऑटिझम आला. आता चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी लावून टक्के ठरवतात. तो अठरा पूर्ण झाला की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे अर्ज करायचा, त्याचे कायदेशीर पालक म्हणून नेमणूक मागायची. अर्ज सुनेच्याच नावाने जाणार आहे.

याच्या मधल्या फटीत दुकानदार शिरतात. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याचा माणूस दोन वर्षांपूर्वी घरी आला, मूळपेशी (स्टेम सेल) टोचून ऑटिझम बरा करतो म्हणाला, खर्च काही लाख. माझा मुलगा तारण ठेवण्याच्या गोष्टी करायला लागला होता. मी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं काढून वाचायला दिली. रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर मूळपेशींचा वापर हा प्रयोग आहे, उपचार म्हणून विकता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानेही २०२२ मध्ये ऑटिझमसाठी याची शिफारस नाही असं सांगितलं. त्या माणसाच्या हातातल्या पत्रकावर एका वृत्तपत्रीय जाहिरातीचं कात्रण होतं. कुठल्या वृत्तपत्राची ते आपण आपल्या जाहिरात विभागाला विचारून पाहावं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. आमच्या शेजारी गोव्यात एक काम झालं, त्याची बातमी मी मराठी पेपरात पाहिली नाही. ‘संगत’ ही तिथली संस्था. तिने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या आणि इंग्लंडच्या अभ्यासकांबरोबर दोन ते नऊ वर्षांच्या ६५ ऑटिस्टिक मुलांवर अभ्यास केला, तो २०१५ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आला. पद्धत इंग्लंडची होती, ती इथल्या माणसांना जमेल अशी करून घेतली. काम करणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. आई किंवा बाप मुलाशी खेळतात, त्याचं चित्रीकरण करायचं आणि मग तेच त्यांना शेजारी बसून दाखवायचं. ही बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं. इथे तुम्ही घाई केलीत, जरा थांबला असतात तर त्याने हात पुढे केला असता. सहा महिने, पंधरा दिवसांतून एकदा. ज्या घरांत हे झालं तिथले आईबाप मुलाच्या कलाने जास्त वागू लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. मुलं थोडी आहेत, मोठे दावे करण्यासारखं ते नाही, अभ्यासकांनीही केलेले नाहीत.

पण मी ते वाचलं तेव्हा खुर्चीतून उठले, कारण हे काम माझ्यासारखी बाई करू शकते. यात आईला कुणी दोषी धरत नाही आणि बाजूलाही सारत नाही. तिच्यापाशी जे आहे तेच धरून पुढे जायचं. माझ्या नोंदवहीत वजनाला रकाना होता, अ जीवनसत्त्वाच्या डोसाला होता, आईच्या हिमोग्लोबिनला होता. नावाने हाक मारल्यावर पोर बघतं का, बोट दाखवून काही मागतं का, याला नव्हता. असता तर पाळणाघरासारख्या गजबजलेल्या त्या लसीकरणाच्या दिवशीही अर्ध्या मिनिटात भरता आला असता. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात, त्यांच्या यादीत ऑटिझम आहे. सापडलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं असंही ठरलेलं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या देशातल्या पाच ठिकाणच्या पाहणीत, त्यांत उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या दर आठ मुलांमागे साधारण एकात मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही अडचण सापडली. ऑटिझम हा त्यातला एक भाग. म्हणजे पाठवायला मुलं भरपूर आहेत.

तर माझी विनंती अशी. पुढच्या वेळी अमेरिकेहून ‘अमुकमुळे ऑटिझम’ अशी बातमी आली तर किती मुलं पाहिली आणि कुणाशी ताडून पाहिली, एवढं त्याच बातमीत छापा, आणि खुलासा आला तर तो त्याच पानावर येऊ द्या. आणि आपल्या वार्ताहराला एक दिवस त्या जिल्हा केंद्रात बसवा. वाचा-उपचार करणाऱ्याची जागा भरलेली आहे का, असेल तर तो आठवड्यातून किती दिवस येतो, नाव नोंदवल्यावर पहिली तारीख किती महिन्यांनी मिळते, हे विचारू द्या. जत-आटपाडीहून मूल घेऊन आलेल्या बाईचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो तो किती, आणि तिला परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे, तेही विचारायला सांगा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. तासगाव, जि. सांगली
(नाव छापू नये. सुनेला विचारून पत्र पाठवत आहे, विराजचं नाव बदललं आहे.)